खेळाडू पोरांचं कॉलेज : मैदान आणि अभ्यासाचा मेळ



दहावी-बारावीचं वर्ष जवळ आलं की आपल्याकडं एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पोरगी खो-खो चांगलं खेळते, पण अभ्यास बुडायलाय. यंदापासून खेळ बंद करू का?" पोरगा असला तर प्रश्न उलटा होतो. "त्याला अकॅडमीत टाकू का? शाळेचं बघू नंतर." दोन्ही प्रश्नांच्या तळाशी समजूत एकच, की मैदानाला दिलेला प्रत्येक तास पुस्तकाच्या वाट्यातून काढलेला असतो. या लेखात ही समजूत जरा तपासून बघू.

मी प्राथमिकची शिक्षिका. माझ्या हातची मुलं चौथीनंतर पुढं जातात. मग कॉलेजच्या खेळाडूंबद्दल मी का लिहावं? कारण सोनारीसारख्या गावात मूल शाळेतून गेलं तरी नजरेआड जात नाही. सकाळी रस्त्याच्या कडेनं धावणारी भरतीची पोरं, परंड्याला किंवा बार्शीला कॉलेजला जायला एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या मुली, यातली निम्मी आपलीच असतात. त्यांचं काय जमलं आणि काय फिसकटलं, ते दिसत राहतं. आणि बरंच काही आपल्या हातून, लहानपणीच ठरून गेलेलं असतं, तेही कळतं.

आधी रोजचं गणित मांडू. झोप आठ तास. कॉलेज पाच. येणं-जाणं दोन. सकाळ-संध्याकाळ मिळून सराव तीन. जेवण, अंघोळ, घरातली कामं तीन. झाले एकवीस. उरले तीन. म्हणजे साध्या दिवशी खेळाडूकडं अभ्यासाला तीन तास असतात, आणि रोज तीन तास मन लावून अभ्यास करणारा न खेळणारा विद्यार्थी तरी किती घरांत आहे? मुलींचं गणित मात्र वेगळं येतं. धुणीभांडी, पाणी, धाकटं भावंड, शेतात डबा पोचवणं यांत त्यांचे 'घरकामाचे' तास वाढतात, आणि खापर फुटतं खेळावर. खेळ बंद करण्याआधी हा हिशोब एकदा कागदावर लिहून बघावा, ही माझी पालकांना विनंती. पुष्कळ घरांत सराव बंद केल्यावर मोकळा झालेला वेळ पुस्तकाकडं न जाता चुलीकडं जातो.

मग अभ्यास बुडतो तो कुठं? रोजच्या सरावात नाही, स्पर्धांच्या हंगामात. शालेय स्पर्धा साधारण पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात. जिंकत गेलं की जिल्हा, मग विभाग (आपला विभाग लातूर), मग राज्य आणि पुढं राष्ट्रीय. म्हणजे जो मुलगा जितका चांगला, त्याचे तितके जास्त दिवस बाहेर जातात आणि तो तितका परीक्षेच्या जवळ येऊन घरी परततो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. कॉलेजात गेल्यावर हेच जास्त टोकदार होतं. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाच्या संघाची निवड, मग सराव शिबिर, मग दुसऱ्या राज्यात आंतरविद्यापीठ स्पर्धा. परंड्याच्या पोरीला छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात जायचं म्हटलं तरी एसटीत जवळपास दिवस जातो, रेल्वेचा लांबचा प्रवास वेगळाच. सलग दोन-तीन आठवडे वर्ग नाही, आणि त्याच काळात सेमिस्टरची परीक्षा नाहीतर अंतर्गत मूल्यमापन. भारतीय महिलांनी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकला तो १९ जानेवारी २०२५ ला, अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवून. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातली, आणि संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. आपण टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. पण जानेवारी हा महिना कॉलेजच्या खेळाडूला कसा जातो, याचा विचार त्या दिवशी कोणी केला असेल का?

एवढ्यासाठी मला वाटतं की खेळ आणि अभ्यासाचा मेळ हा पोराच्या शिस्तीचा प्रश्न कमी आणि भोवतालच्या मोठ्या माणसांनी केलेल्या व्यवस्थेचा प्रश्न जास्त आहे. शिस्त खेळाडूकडं असतेच. पाचला उठणारं पोर आळशी कसं असेल?

धाराशिवच्याच सारिका काळे यांचं उदाहरण घ्या. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघानं सुवर्णपदक मिळवलं तेव्हा त्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास त्यांनी खेळ सुरू केला. घरची परिस्थिती इतकी बेताची, की जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, असं त्यांनी स्वतः पत्रकारांना सांगितलं आहे. शिबिराला गेल्यावर चांगलं खायला मिळायचं, हेही त्यांनीच सांगितलं. २०१६ च्या सुमारास पैशाच्या अडचणीमुळे त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं आणि काही महिने त्या घरात बसून होत्या. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि त्या परत मैदानावर आल्या.  पुढं त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. यात आपण शिक्षकांनी नीट बघावं असं एक आहे. त्यांना थांबवू पाहत होती ती गरिबी, खेळ नव्हे. आणि तालुका क्रीडा अधिकारी हे पद नुसत्या पदकावर मिळत नाही, शिक्षणही लागतं. उपाशीपोटी खेळत असतानाही शिक्षणाचा धागा तुटला नाही, म्हणून पदकाचं रूपांतर नोकरीत झालं.

जरा मागं गेलं तर कॉलेजनं काय करायचं असतं, याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तिथं कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या करून त्यांनी ते पैसे फेडले, असं सांगतात. आजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवावं, असं कोणी म्हणत नाही. हजेरीची सवलत, बुडालेल्या अंतर्गत परीक्षेची दुसरी तारीख आणि प्रात्यक्षिकाची वेगळी तुकडी, एवढं केलं तरी पुष्कळ होतं. यातलं काहीच आपोआप होत नाही. जाण्याच्या आधी लेखी अर्ज, सोबत निवडीचं पत्र, त्यावर क्रीडा संचालकांची शिफारस, आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच. तोंडी "सर म्हणाले चालतंय" यावर विसंबू नये. सर बदलून जातात.

आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी सध्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खो-खो खेळते. तिचं नाव-गाव सांगत नाही. पण ती जे करते ते सांगण्यासारखं आहे, कारण त्यात काहीच विशेष नाही. स्पर्धेला जाण्याच्या आठवडाभर आधी ती प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना विचारते, "मी नसताना कोणता भाग होणार?" तो भाग ती जायच्या आधीच एकदा वाचून टाकते, कळो न कळो. वर्गात एक मैत्रीण ठरलेली आहे, ती रोज वहीच्या पानांचे फोटो पाठवते. प्रवासात नवीन काही वाचायचं नाही, वाचलेलंच उजळायचं. मुक्कामी सामने संपल्यावर रात्री फक्त अर्धा तास, तोही जमला तर. आणि परत आल्यावर पहिले चार दिवस सराव एकवेळचा, दुसऱ्या वेळेला मागं राहिलेलं लिहून काढणं. हे शेवटचं तिच्या प्रशिक्षकांनी मान्य केलं, म्हणून शक्य झालं. नाहीतर मैदानावर "काल का आली नाहीस" आणि वर्गात "महिनाभर कुठं होतीस", या दोन्हींच्या मधे मूल भरडून निघतं. प्रशिक्षक आणि वर्गशिक्षक यांनी वर्षातून एकदा तरी एकमेकांशी बोलावं. इतकी साधी गोष्ट, पण फार क्वचित होते.

झोपेबद्दल थोडं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. आपण मात्र खेळाडूला पहाटे पाचला उठवतो आणि रात्री बारापर्यंत अभ्यासाला बसवतो, आणि याला मेहनत म्हणतो. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, अंग भरून येतं तेही झोपेत. म्हणजे झोप कापली की दोन्हीकडून तोटा. परीक्षेच्या महिन्यात काही कमी करायचं असेल तर सराव कमी करा, एकवेळचा करा. झोप आणि जेवण यांना हात लावू नका.

दुसरी गोष्ट मुलींच्या आयांसाठी. "खेळून दमते आणि पुस्तक घेतलं की डुलक्या घेते," ही तक्रार कायमची. पण सगळी दमणूक खेळाची नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला आहे. रक्त कमी असलं की धाप लागते, लक्ष लागत नाही, पाय जड होतात. खेळ बंद करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरी बाकाखाली टाकतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. समोर उभं राहून घ्यायला लावा. शेंगदाणे, गूळ, पालेभाजी, मोड आलेली मटकी हे काही महाग नाही. आणि घरात एकच अंडं असेल तर ते भावालाच का, हाही प्रश्न एकदा स्वतःला विचारावा.

आता फायद्याचं बोलू, कारण पालकांचा खरा प्रश्न तो असतो: "यातून पुढं काय?" दहावी-बारावीला शालेय खेळाडूला कामगिरीच्या पातळीनुसार सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो आणि तिथून मंडळाकडं. मुदत चुकली की गुण गेले. पदवीला, नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात, सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक आहेत, त्यांत खेळ येतो. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाच्या खर्चाशिवाय महिन्याला दहा हजार रुपये हातखर्च मिळतो. आणि राज्य सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, वयातही पाच वर्षांची सूट मिळते. पण शैक्षणिक अटीत सूट नाही. पदाला पदवी लागत असेल तर खेळाडूलाही पदवी लागते. 'शाळेचं बघू नंतर' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य जरा दोनदा वाचावं.

या आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. मागच्या काळात खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आली, त्यामुळे तपासणी कडक आहे आणि ती असायलाच हवी. त्रास होतो तो खऱ्या खेळाडूला, कागद नीट नसले की. माझ्या माहितीतल्या एका मुलाच्या राज्यस्तराच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव चुकलेलं होतं आणि ते दुरुस्त करून घेण्यात त्याचं एक वर्ष गेलं. प्रमाणपत्र हातात पडल्या पडल्या, मैदान सोडायच्या आधी, नाव, जन्मतारीख आणि वयोगट शाळेच्या दाखल्याशी ताडून बघायचा. आपली शाळाही यात येते बरं का. पहिलीत नाव घालताना आपण जे लिहितो, तेच पुढं पंधरा वर्षं त्या पोराच्या मागं फिरतं. स्पर्धा मान्यताप्राप्त आहे की नाही, हेही आधी विचारावं. गल्लीबोळातल्या 'राष्ट्रीय' स्पर्धांचे पैसे भरून मिळवलेले कागद या कामाला येत नाहीत.

मैदान आणि पुस्तक एकत्र कसं चालतं, हे बघायला लांब जायलाही नको. पोलीस शिपाई भरती बघा. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी परीक्षा मात्र १०० गुणांची: गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. मैदान दार उघडतं, निवड बऱ्याचदा लेखीवर ठरते. सकाळी जीव तोडून पळणारी आपली पोरं लेखीत का अडकतात, हे मी जवळून बघते. वाचनाचा वेग कमी पडतो. प्रश्न कळेपर्यंत वेळ संपते. शेकडेवारी आणि काळ-काम-वेग येत नाही असं नाही, उदाहरण वाचून त्यात काय विचारलंय हेच उमजत नाही.

इथं गोष्ट आपल्या वर्गात येते. कॉलेजचा खेळाडू दोन-तीन आठवडे वर्गाबाहेर राहून परत येतो तेव्हा त्याला तारतं ते एकच, स्वतःचं स्वतः वाचून समजून घेता येणं. ज्याला शिक्षकानं फळ्यावर समजावल्याशिवाय धडा कळत नाही, त्याचं बुडालेलं कायमचं बुडतं. ज्याला वाचून कळतं, तो एसटीत, मुक्कामाच्या शाळेत, कुठंही भरून काढतो. ही ताकद एकोणिसाव्या वर्षी येत नाही. ती दुसरी-तिसरी-चौथीत येते, नाहीतर पुढं फार कष्टानं येते. म्हणून माझ्या वर्गातलं चपळ, मैदानावर चमकणारं पोर वाचनात मागं असेल तर मला त्याची काळजी इतरांपेक्षा जास्त वाटते. "तो काय, खेळाडू आहे" असं म्हणून आपण त्याला सोडून देतो ना, तिथंच त्याचं कॉलेज अडचणीत येतं.

आणि लहान वयात एकाच खेळाला जुंपायची घाईही नको. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटर अंतर कापायचा, कारण दुसरी सोय नव्हती. बारावी करून तो सैन्यात गेला, आणि शर्यतीकडं खऱ्या अर्थानं वळला तो तिथं, २०१५ मध्ये, विशीत. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं रौप्यपदक घेतलं, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. तिसरीतल्या पोराला अकॅडमीत टाकण्यासाठी शाळा सोडवायला निघालेल्या पालकांना मी हे सांगत असते. पटतंच असं नाही.

शाखा निवडतानाही एक जुनी सवय सुटायला हवी. खेळाडू म्हणजे कला शाखा, असं परस्पर ठरवून टाकतात. कला शाखेत वाईट काही नाही, पण ती मुलाला आवडते म्हणून घ्यावी, 'हजेरी लागत नाही' म्हणून नव्हे. विज्ञानाला प्रात्यक्षिकांमुळे अडचण जास्त येते हे खरं. तरी ज्याला गणित-विज्ञानाची गोडी आहे, त्याच्यासाठी कॉलेजशी आधी बोलून बघावं. गुडघा दुखावला की खेळ एका दिवसात थांबतो, आणि त्या दिवशी हातात आवडीचा विषय असला तर पोर सावरतं.

आपल्यापुरतं मी एवढं सुरू केलंय. केंद्र आणि बीट पातळीच्या स्पर्धांना वर्गातली मुलं जातात, तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत एक गोष्टीचं पुस्तक देते. जाताना टेम्पोत कोणी वाचत नाही, गाणी चालू असतात. सामने हरल्यावर झाडाखाली बसून मात्र वाचतात. परत आल्यावर त्यांनी वर्गाला दोन गोष्टी सांगायच्या, एक सामन्याची आणि एक पुस्तकातली. बुडालेला गणिताचा तास मी त्यांना फळ्यावर पुन्हा शिकवत नाही. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाचायला देते, शेजारी बसते, आणि अडलं तरच बोलते. सुरुवातीला वेळ जातो. दिवाळीनंतर चौथीतली दोन-तीन पोरं न विचारताच पान उघडून बसायला लागतात. आणि खेळात पुढं असलेल्या प्रत्येकाची एक फाईल वर्गाच्या कपाटात ठेवलीय. पहिलं प्रमाणपत्र तिच्यात लागतं, त्यावरचं नाव हजेरीपटाशी ताडूनच.